खंडेनवमीची फ्लॉपी

माझी भाची पुण्यात कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे आणि तिला माझी कीव येते. एखादा प्रोग्रॅम हवा असला की ती एक ओळ टाइप करते, पडद्यावर एक पट्टी सरकते आणि चहाला उकळी यायच्या आत प्रोग्रॅम हजर. तयार बायनरी. कुणीतरी कुठंतरी आधीच बनवून ठेवलेली, आपण फक्त चालवायची. मी मात्र सोर्स मागवते, म्हणजे माणसानं लिहिलेला मूळ मजकूर, आणि तो माझ्या मशीनवर कंपाइल करत बसते. मशीनचा पंखा घरघरतो, ओळींमागून ओळी पळतात, मध्येच कुठंतरी घोडं अडतं, मी शिव्या घालते, दुरुस्त करते, पुन्हा लावते. भाची म्हणते, "मावशी, आता कुणी घरी जात्यावर दळतं का?" मी म्हणते, दळत नसेल. पण पिठाचा परत जोंधळा करता येत नाही, एवढं ध्यानात ठेव. तिला हे म्हातारीचं बोलणं वाटतं. वाटू दे. ती हे सगळं एसीत बसून शिकली. मीही एसीतच बसून शिकले, फक्त माझ्या खोलीबाहेर दुष्काळ होता.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. पाऊस लागोपाठ तोंड फिरवून गेला होता. कळंबच्या बाजारात बैलांना खाटकाशिवाय गिऱ्हाईक नव्हतं. आमच्या भागातला सहकारी साखर कारखाना, त्याचं नाव घेत नाही, घेण्यासारखं त्यात काही नाही, उसाअभावी कसाबसा धुगधुगत होता. विहिरींना पाणी नाही म्हणून ऊस नाही, ऊस नाही म्हणून कारखान्याला काम नाही, आणि काम नाही असा मुहूर्त साधून संचालक मंडळानं कॉम्प्युटर घेतला.

अख्ख्या कारखान्यात एकच एसी होता आणि तो मशीनसाठी होता. बाहेर टँकरपुढं बायका घागरी आपटत भांडायच्या आणि आत दोन-तीन संचालक "कॉम्प्युटर बगायला" येऊन खुर्चीत घोरायचे. खोलीत चपला घालून यायला बंदी होती. ज्यांच्या बापजाद्यांनी आमच्या माणसांना देवळाच्या पायरीवरून हाकललं, त्यांनीच मला या गाभाऱ्यात बसवलं होतं. त्यांना काही उपरती झाली होती असं नाही. दुसऱ्या कुणाला ते मशीन चालू करता येत नव्हतं.

माझा बाप मी शाळेत असतानाच गेला. माय बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला लागली ती फोडतच राहिली. दुष्काळ आला की खडी, गेला की दुसऱ्याच्या रानात खुरपं, पुन्हा आला की पुन्हा खडी. एकदा दगडाची कच उडून तिच्या उजव्या डोळ्यात गेली. तेव्हापासून त्या डोळ्यानं तिला माणूस दिसायचा पण कोण ते कळायचं नाही. मी बी.एस्सी. झाले, समाजकल्याणच्या स्कॉलरशिपवर पुण्यात जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि कारखान्यात रोजंदारीवर लागले, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तू कायम झालीस की म्या खडी सोडते. तवर सोडत न्हाय." रोजंदारीवाल्याला मनात येईल तेव्हा घरी धाडतात, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी रोज घरी आले की तिचा एकच सवाल असायचा. झालीस का कायम? मला त्या सवालाची भीती वाटायची आणि रागही यायचा.

मशीनबरोबर पुण्याच्या एका कंपनीनं उसाच्या वजनाचा आणि बिलांचा तयार प्रोग्रॅम दिला होता. काळी चौकोनी फ्लॉपी, वर छापील लेबल. ती घालायची, चालवायची, आत काय आहे ते विचारायचं नाही. हा प्रोग्रॅम नदीकाठच्या कुठल्यातरी बागायती मुलखातल्या कारखान्यासाठी बनवलेला होता आणि तसाच उचलून आमच्या गळ्यात मारला होता. आमच्याकडं आल्या दिवशीच तो अडला.

आमच्याकडं एका उसाला दोन मालक असतात. ज्याची जमीन त्याला पाणी नसतं, ज्याच्या विहिरीला पाणी असतं तो शेजारी ते देतो, आणि त्या बदल्यात उसाचा तिसरा हिस्सा घेतो. पाण्याचा वाटा. याचा कुठं करार नसतो, बांधावर बोलणं होतं आणि ते पाळतात. ऊस काट्यावर आला की त्याचं वजन कारखान्यातच दोन नावांवर फोडायचं. कारकून ते पेनानं करायचे. पुण्याचा प्रोग्रॅम एका पावतीवर एकच नाव घ्यायचा. दुसरं नाव टाकलं की टुंई करून बोंबलायचा. मग पावती विहिरीवाल्याच्या नावानं निघणार, कारण विहिरीवाला मोठा असतो, आणि जमीनवाल्यानं त्याच्या दारात बसून आपलं मागायचं.

कंपनीचा माणूस आला. मे महिन्यात गळ्यात टाय. मी त्याला म्हणाले, मला सोर्स द्या, मी तेवढा बदल करून कंपाइल करून घेते. त्याला विंचू चावल्यासारखं झालं.

"सोर्स आम्ही कुणालाच देत नाही, मॅडम. तो कंपनीचा आहे. तुम्हाला चालणारी डिस्क दिली आहे ना?"

"चालते, पण आमच्या कामाची नाही. आमच्या एका उसाला दोन मालक असतात."

"असं कसं असेल? तिकडं सगळीकडं एका उसाला एकच मालक असतो."

"तिकडं नदी असते," मी म्हणाले.

त्याला ते लागलं नाही. त्यानं मला समजावून सांगितलं की कॉम्प्युटर आला की पद्धत बदलावी लागते, पद्धतीसाठी कॉम्प्युटर बदलत नाहीत. मग त्यानं रुमालानं टाय पुसला आणि जीपची वाट बघत बसला.

चीफ अकाउंटंट हे सगळं ऐकत होते. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. त्यांची दाढ कायम दुखायची, म्हणून ते लवंग चघळत बोलायचे, आणि दाढ दुखत असली की कुणावर तरी काढायचे. त्या दिवशी बहुतेक दुखत नव्हती.

"तुला येतंय का असलं लिवायला?" त्यांनी विचारलं.

"येतं, साहेब."

"दोन नावांचं बी?"

"ते तर पहिलं."

"मंग लिव. दर हंगामाला त्या वाट्यापायी माज्या खिडकीपुढं डोकी फुटत्यात. हंगामाची पयली मोळी गव्हाणीत पडायच्या आत चालू करून दाव, तुला कायम करतो. चेअरमनसायबाला म्या सांगतो."

घरी जाऊन मी मायला सांगितलं. तिनं माझं पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. ती उठली, वस्तीभर फिरून आली, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन मुकादमाला तोंडावर सांगून आली की आता माझी वाट बघू नको, माझी पोरगी कायम होतीय. मी म्हणाले, अगं, अजून झाले नाही. ती म्हणाली, "तू कर की मंग. लिवायचंच तर हाय."

लिहायचंच होतं. कोबोल नावाच्या भाषेत लिहायचं, आणि मग ते कंपाइल करायचं, म्हणजे मशीनला कळेल अशा रूपात दळून काढायचं. कंपाइलर मशीनबरोबरच आला होता, कुणी पाकीटसुद्धा उघडलं नव्हतं. मशीनला फ्लॉपीची दोन तोंडं होती, पोटात साठवायला काही नव्हतं. एकात कंपाइलर, दुसऱ्यात माझा मजकूर. घर्र घर्र करत ते चालायचं, मग म्हणायचं दुसरी फ्लॉपी घाल, मग तिसरी. एखाद्या वाक्याच्या शेवटी टिंब द्यायचं राहिलं की खाली शंभर चुका दाखवायचं, सगळ्या त्या एका टिंबाच्या पोटच्या. आणि सगळं सरळ चाललं, आता होतंय असं वाटलं, की वीज जायची. दुपारची वीज त्या वर्षी भरवशाची नव्हतीच. पडदा काळा, एसी बंद, संचालक जागे. पुन्हा पहिल्यापासून.

मी पुण्याहून आल्यावर माझ्याशी कुणी माणसासारखं बोललं असेल तर तो कंपाइलर. तो चूक असेल तर चूक म्हणायचा आणि कुठल्या ओळीत ते सांगायचा. माझं आडनाव काय, घर कुठल्या वस्तीत, हे त्यानं कधी विचारलं नाही. शेवटी एका दुपारी तो एकही चूक न सांगता थांबला. मी प्रोग्रॅम चालवला, मागच्या हंगामाच्या जुन्या पावत्या घातल्या आणि पाण्याचा वाटा पडद्यावर दोन नावांत बिनचूक फुटला. मी त्या गार खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या. तसा आनंद मला पुढं फार वेळा झाला नाही, लग्नातही नाही.

मूळ मजकूर एका फ्लॉपीवर आणि त्याची नक्कल दुसऱ्या फ्लॉपीवर ठेवली. छापूनही ठेवावा म्हणून रुंद कागद मागितला तर स्टोअरकीपर म्हणाला, "तो बिलाचा कागद हाय, तुज्या गिचमिडीसाठी न्हाय." दोन फ्लॉप्या आहेत, बास झालं, असं मीही म्हणाले. तयार झालेला, चालणारा प्रोग्रॅम तिसऱ्या फ्लॉपीवर होता. ती मशीनमध्येच असायची, कारण साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला तो चालवून दाखवायचे आणि म्हणायचे, "आमच्या हितंच केलाय." पोरीनं केलाय असं मात्र म्हणायचे नाहीत.

दसरा आला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. कारखान्यात त्या दिवशी प्रत्येक हत्याराची पूजा होते. फिटरचे पाने, बॉयलरचं दार, वजनकाटा, टाइपरायटर, जीप, टेलिफोन, सगळ्यांना हळदकुंकू लागतं आणि झेंडूच्या माळा पडतात. आमच्या घरातले देव मी जन्मायच्या आधीच, छप्पनच्या दीक्षेनंतर, विहिरीत गेले होते. पण दुसऱ्याच्या पूजेत मी कधी नाक खुपसलं नाही. माझा सण दुसऱ्या दिवशी होता, दीक्षेचा दिवस, वस्तीत निळे झेंडे लागायचे होते. मी सकाळी लवकर येऊन मशीनवर फडका मारला, प्रोग्रॅम चालू करून ठेवला आणि दाराशी उभी राहिले. चेअरमन येणार होते. माझं कायम होणं त्यांच्या एका होकारावर आलं होतं.

चेअरमन आले, मागं संचालक आले. साहेबांनी कपाट उघडलं आणि आतल्या होत्या नव्हत्या तेवढ्या फ्लॉप्या पितळी ताटात काढल्या. पुण्याच्या, कंपाइलरच्या, माझ्या. मला वाटलं ताट मशीनपुढं ठेवतील, लांबून कुंकू उडवतील, नारळ फोडतील. पण साहेब एकेक फ्लॉपी कागदाच्या पाकिटातून बाहेर काढायला लागले. एक संचालक म्हणाले, राहू द्या की पाकिटात.

"खंडेनवमीला तरवार म्यानासकट पुजती का कुणी?" साहेब म्हणाले. "हत्यार उगडंच पुजायचं असतंय."

सगळ्यांना ते पटलं. त्या फ्लॉपीच्या काळ्या चौकोनाला एक लांबट खिडकी असायची. आतली तपकिरी तबकडी तेवढ्याच जागेतून उघडी दिसायची आणि मशीन तिथूनच वाचायचं. तिथं बोटाचा ठसासुद्धा लागू द्यायचा नसतो. साहेबांना पूजेची जागा नेमकी तीच वाटली, कारण तीच उघडी होती. त्यांनी वाटीत कुंकू कालवलं आणि बोट बुडवलं.

"साहेब," मी दारातून म्हणाले, "वरच्या लेबलावर लावा. त्या उघड्या जागी लावू नका, आतलं सगळं पुसून जाईल."

सगळी तोंडं माझ्याकडं वळली. साहेबांच्या गालात लवंग इकडून तिकडं गेली. त्या दिवशी दाढ दुखत होती.

"देवाचं कुंकू लागून पुसून जाईल?"

"देवाचं म्हणून नाही, साहेब. पाणी लागलं तरी जाईल."

"तुमच्यात न्हाय चालत, आमाला ठावं हाय. आमी तुला लाव म्हणतोय का? आमचं आमाला तरी करू दे की, बाई."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, चेअरमनसुद्धा. आणखी एक शब्द बोलले असते तर फ्लॉपी राहिली असती बाजूला आणि मी भर पूजेत धर्म काढला असं झालं असतं. म्हणून मी दारातच उभी राहून बघत राहिले. साहेबांनी प्रत्येक खिडकीत मोठ्या भक्तीनं ओलं कुंकू भरलं, वर हळद दाबली आणि तांदळाचे दाणे चिकटवले. माझ्या दोन्ही फ्लॉप्या शेजारीशेजारी होत्या. मूळ आणि नक्कल. दोघींनाही सारखाच मान मिळाला.

मशीनमधली फ्लॉपी तेवढी वाचली, कारण ती आत होती. चेअरमननी नारळ फोडला आणि म्हणाले, "चालवून दावा तुमचं यंतर." मी खुर्चीत बसले. त्यांनी स्वतःचाच सभासद नंबर सांगितला. मी तो टाकला आणि मागच्या हंगामाचा त्यांचा ऊस पडद्यावर आला. जमीन त्यांची नव्हतीच, ती आसपासच्या बारक्या शेतकऱ्यांची होती. विहिरी त्यांच्या होत्या. पुण्याच्या प्रोग्रॅमनं तो सगळा ऊस त्यांच्या एकट्याच्या नावावर दाखवला असता. माझ्या प्रोग्रॅमनं तिसरा हिस्सा त्यांच्या नावापुढं ठेवला आणि उरलेला ज्याचा त्याच्या नावापुढं नेऊन लावला. एकेक नाव खाली उमटत गेलं. चेअरमन पुढं वाकून प्रत्येक नाव वाचत होते.

"लई हुशार हाय की," चेअरमन म्हणाले आणि हसले. त्यांनी माझ्या ओंजळीत पेढा टाकला, हाताला हात लागणार नाही एवढ्या उंचीवरून. मला तो होकार वाटला. मी तो पेढा खाल्ला नाही, मायसाठी रुमालात बांधून घेतला.

सगळे गेल्यावर मी ताट उचललं. कापूस आणि स्पिरिट घेऊन एकेक खिडकी पुसली. कुंकू निघालं, तबकडीवर ओरखडे राहिले. एक फ्लॉपी मशीनमध्ये घातली तर ते करकर दात खाल्ल्यासारखं वाजलं आणि पडद्यावर आलं की वाचता येत नाही, सोडून देऊ का पुन्हा बघू? मी पुन्हा बघ म्हणाले. म्हणतच राहिले. दुसरीचंही तेच झालं. मी साहेबांना जाऊन सांगितलं की मूळ मजकूर गेला. ते म्हणाले, "पडद्यावर तर चालतोय. कशाला अपशकुन करती?" मला धीर आला, खोटं कशाला बोलू. प्रोग्रॅम चालत होता, एकदा कायम झाले की सवडीनं मूळ पुन्हा लिहून काढता येईल असं मी मनाला समजावलं. घरी मायनं पेढा खाल्ला आणि अर्धा शेजारणीला दिला.

दसरा झाल्यावर चेअरमननी केबिनमध्ये बोलावलं. साहेब शेजारी उभे होते.

"तेवढं दोन नावांचं काढून टाक," चेअरमन म्हणाले. "बाकी लई झाक झालंय."

"साहेबांनीच घालायला सांगितलं होतं."

साहेब छताकडं बघायला लागले. चेअरमन म्हणाले, "ते पेनानं होतंय तेच बरं हुतं. माणसं येत्यात, बसत्यात, समजूत घालून वाटून घेत्यात. यंतर समजूत घालतंय का? काढून टाक आन् ये, तुज्या कायमच्या कागदावर सही करतो."

आता ते माझ्या हातात असतं तर मी काय केलं असतं, हे मला आजही ठाऊक नाही आणि त्याचा विचार करत बसायची वेळच आली नाही. कारण मला ते काढता येत नव्हतं.

"नाही काढता येत," मी म्हणाले. "चालतोय तो तयार झालेला प्रोग्रॅम आहे. त्यात काही बदलायचं तर मूळ मजकूर लागतो, तो बदलून पुन्हा कंपाइल करावा लागतो."

"मंग कर की."

"मूळ राहिलं नाही. सगळं पुन्हा लिहायचं तर हा हंगाम जाईल."

"खोटं बोलती," साहेब म्हणाले. "कपाटात तर हाय समदं. म्या माज्या हातानं ठिवलंय."

मी जाऊन दोन्ही फ्लॉप्या आणल्या आणि टेबलावर ठेवल्या. साहेबांनी एक उचलून उजेडापुढं धरली, उलटीसुलटी केली. त्यांना ओरखडे दिसत होते. त्यांनी ती खाली ठेवली.

"हितं कुठंय मूळ?" चेअरमननी विचारलं.

"साहेबांच्या कुंकवाखाली," मी म्हणाले.

ते वाक्य मी गिळायला हवं होतं असं मला पुढं पुष्कळांनी सांगितलं. मला ते बोलून फार बरं वाटलं होतं.

चेअरमन रागावले नाहीत. असली माणसं रागवत नाहीत, त्यांना गरज नसते. त्यांनी साहेबांना पुण्याला फोन लावायला सांगितला. पुण्याच्या फ्लॉपीलाही तेच कुंकू लागलं होतं, तीही वाचता येत नव्हती. कंपनीनं दुसरी प्रत काढली आणि एसटीच्या ड्रायव्हरजवळ दिली, लगेच आली. तयार मालाचं हे बरं असतं, त्याची कुठंतरी आणखी एक प्रत असतेच. माझी कुठं असणार? मी एकच होते आणि मी रोजंदारीवर होते. पुण्याच्या प्रोग्रॅममध्येही कुणाला काही बदलता येत नव्हतं. पण ती त्याची शान होती. माझ्या प्रोग्रॅममध्ये बदलता येत नाही हा माझा माजोरडेपणा ठरला.

कंपनीचा टायवाला माणूसही शिकवायला येऊन गेला. माझ्या जागी चेअरमनच्या बहिणीचा मुलगा बसला होता, त्याला चपला काढायचंसुद्धा लक्षात राहायचं नाही. टायवाल्यानं माझा प्रोग्रॅम चालवून बघितला, पाण्याचा वाटा फुटताना बघितला, आणि मला विचारलं, "हे तुम्ही एकटीनं लिहिलंत?" मी हो म्हणाले. "छान आहे हो," तो म्हणाला. मग त्याला त्याच्या डिस्कची नक्कल ठेवायला रिकामी फ्लॉपी लागली. रिकामी कुठं मिळेना, म्हणून त्यानं माझी पुसून घेतली. माझ्यासमोर. वाईट हेतूनं नाही, त्याला खरंच फ्लॉपी हवी होती.

माझं काम तिथंच सुटलं, आणि मी निघाले तेव्हा साहेबांनी मला दारापर्यंत सोडलं. "राग धरू नको, बाई," ते लवंग चघळत म्हणाले. "तुजी हुशारी लई, पर हितं हुशारीचं काम न्हाय. नुसतं बटन दाबायचं हाय." गव्हाणीत मोळी पडली तेव्हा मी कारखान्याच्या फाटकाबाहेर एसटीची वाट बघत उभी होते. भोंगा ऐकू आला. पावत्या त्या हंगामात एकाच नावानं निघाल्या.

मायनं तोच सवाल विचारला. मी नाही म्हणाले.

"यंतर बिगडलं का तुज्या हातनं?"

"नाही. चालत होतं."

"मंग?"

मी तिला सगळं सांगितलं. कुंकू, खिडकी, मूळ, नक्कल. तिनं भाकरी थापत ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "कुंकू लागलं म्हणून कुणाची भाकर जाती व्हय गं? तूच काय तरी बोलली असशील." मला वाटलं रडेल. ती रडणारी बाई नव्हती, मला तिच्यात तेच सगळ्यात जड जायचं.

सकाळी तिनं मला उठवलं आणि म्हणाली, चल. आम्ही नेहमीच्या कामाकडं वळलो नाही. तिथं ती मुकादमाला तोंडावर सांगून आली होती. ती मला गावं ओलांडून दुसऱ्या कामावर घेऊन गेली, एका पाझर तलावावर, जिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. चालताना तिचा उजवा पाय दोनदा खड्ड्यात गेला, त्या बाजूचं तिला दिसत नव्हतं. मी हात धरायला गेले तर तिनं झटकला.

मस्टरचा कारकून बाभळीखाली बसला होता. मायनं आपलं नाव सांगितलं, मग मला पुढं केलं. त्यानं माझ्याकडं खालून वर बघितलं. माझ्या अंगावर कारखान्यात जायची साडी होती, घरात दुसरी धड नव्हती.

"ही कोण? शिकल्याली दिसती," तो म्हणाला. "शिकल्याली नगं बाबा. मागल्या साली एक घेतली, तर आठवड्यात कलेक्टरला अर्ज केला तिनं."

"न्हाय ओ, मालक," माय म्हणाली. "शाळंचं तोंड बी बगितलं न्हाय तिनं. अंगठा लावती."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. चांगला डोळा माझ्याच बाजूला होता. कारकुनानं शाईचा डबा उघडला आणि मी हात पुढं केला. त्यानं माझा अंगठा धरून शाईवर दाबला, मस्टरवर टेकवला आणि म्हणाला, "लगीच पुसू नगंस, पसरतंय."